आण्णांच्या बदल्यांच्या मागावर : ठाणे ते स्वतंत्रपूर

दिवस पहिला : ठाणे

आण्णा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी बदल्यांचे चार हुकूम सुतळीनं बांधून ठेवलेले सापडले. ठाणे, नाशिक रोड, येरवडा, आटपाडी. कारागृह शिपाई म्हणून लागलेला माणूस सुभेदार होऊन निवृत्त झाला, त्या सगळ्या नोकरीचा हिशोब त्या चार कागदांत होता. आईनं ते मांडीवर घेतले आणि म्हणाली, "ही गावं मला एकदा नीट बघायचीत. तेव्हा नुसती भांडी बांधण्यात आणि सोडण्यात गेली." वय त्र्याहत्तर, गुडघ्यांचं दुखणं आहेच. तरी डिसेंबरात थंडी पडल्यावर आम्ही दोघी निघालो.

कोर्ट नाक्याला रिक्षातून उतरलो तेव्हा नऊ वाजले होते. वकिलांची धावपळ, झेरॉक्सच्या टपऱ्या, वडापावचा घाणा, आणि या सगळ्याच्या पाठीशी ती काळी भिंत. ठाण्यात जन्म गेलेल्या कितीतरी लोकांना ठाऊक नसतं की हा तुरुंग म्हणजे मुळात किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास तो बांधायला घेतला. वसईच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी ठाणं जिंकलं तेव्हा काम पुरं व्हायचं होतं. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. म्हणूनच ही भिंत कैद्यांना आत ठेवण्यासाठी घातलेली वाटत नाही. शत्रूला बाहेर ठेवायचं म्हणून ती इतकी रुंद आहे.

आत जायची परवानगी आमच्याकडे नव्हती आणि आईला ती नकोही होती. सेंट्रल मैदानाच्या कडेनं आम्ही हळूहळू चालत राहिलो. चालता चालता मी तिला त्र्यंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगितली, जी आण्णांनी मला सांगितली होती. दुसऱ्या बाजीरावाचा हा विश्वासू माणूस. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५मध्ये पंढरपुरात खून झाला, त्याचा आळ त्र्यंबकजींवर आला आणि इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. देशी शिपाई फितूर होतील या भीतीनं पहारा सगळा गोऱ्यांचा ठेवला. घात तिथंच झाला. एका साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणं म्हणायचा. सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यात होता. पहारेकऱ्यांच्या कानावर ते रोज पडत होतं, पण मराठी एकालाही येत नव्हतं. १२ सप्टेंबर १८१६च्या रात्री त्र्यंबकजी भिंतीला भोक पाडून पसार झाले. पुढे १८१८मध्ये ते पुन्हा सापडले आणि चुनारच्या किल्ल्यात गेले, पण ठाण्याच्या त्या गाण्याची गोष्ट सांगताना आण्णांचा चेहरा खुलायचा. ज्या भिंतीवर आपण पहारा करतो तिथून निसटलेल्या माणसाचं त्यांना एवढं कौतुक का, हे मला लहानपणी कळायचं नाही.

बाकी या भिंतीआडच्या आठवणी जड आहेत. सह्याद्रीच्या रानात इंग्रजांशी लढलेले राघोजी भांगरे इथं २ मे १८४८ला फासावर गेले. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे आणि त्यांच्याबरोबर कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१०ला इथंच फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचे होते.

आई एका जागी थांबली. "इथून टोले ऐकू यायचे," म्हणाली. मग तिनं मला गिनती सांगितली. तुरुंगात दिवसाची सुरुवात मोजणीनं आणि शेवटही मोजणीनं. पहाटे बराकी उघडताना, कामावर नेताना, परत आणताना, आणि संध्याकाळी बंदी करताना. प्रत्येक बराकीचा आकडा, दवाखान्यात किती, कोर्टात किती, आज सुटले किती, नवे आले किती, सगळं जुळलं की गिनती लागली. एकाचा जरी फरक पडला तरी पुन्हा पहिल्यापासून. "गिनती लागेपर्यंत कुणी घरी यायचं नाही. कधी कधी तुझे आण्णा नऊ वाजता यायचे. मी चुलीवर तवा तसाच ठेवायची. दारात दिसले की पहिला प्रश्न तोच. लागली का?"

संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेसनं नाशिक रोड.

दिवस दुसरा : नाशिक रोड

नाशिक रोडचा मध्यवर्ती तुरुंग १९२७चा. ठाण्याशी तुलना केली तर अगदीच अलीकडचा. हा तुरुंग म्हणूनच बांधला, त्यामुळे त्याची आखणी मोकळी आहे.

'मध्यवर्ती' हा शब्द आपण सहज वापरतो. त्याच्यामागे १८३८चा एक अहवाल आहे. हिंदुस्थानातल्या तुरुंगांची पाहणी करायला नेमलेल्या त्या समितीत मेकॉले होते. एक वर्षाहून जास्त शिक्षा झालेल्यांसाठी वेगळे मध्यवर्ती तुरुंग असावेत, अशी शिफारस तिनं केली. त्याच समितीचं मत असंही होतं की कैद्याला सुधारायच्या फंदात पडू नये, शिक्षा कंटाळवाणी आणि कठोर हवी. ही शिफारस हळूहळू दगडविटांत उतरत गेली. आज महाराष्ट्रात अशी नऊ मध्यवर्ती कारागृहं आहेत, शिवाय जिल्हा कारागृहं, महिलांचं, किशोरांचं आणि खुली कारागृहं. सगळ्यांचा पाया शंभराहून जास्त वर्षं १८९४चा तुरुंग कायदाच राहिला. आण्णांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज अधिकारी झाली, पण त्यांच्या पाठांतरातली कलमं त्यांच्या पणजोबांच्या काळातली.

नाशिकच्या तुरुंगाचं नाव मराठी माणसाच्या मनात कायमचं राहील ते साने गुरुजींमुळे. 'श्यामची आई' त्यांनी इथं लिहिली, १९३३च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत. त्याआधीच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ती प्रवचनं उतरवून घेत. मराठीतली दोन पुस्तकं, जी घराघरांत देवाशेजारी ठेवली जातात, दोन्ही जन्मली बराकीत.

दुपारी आम्ही कारागृहाच्या विक्री केंद्रात गेलो. बंद्यांनी केलेलं फर्निचर, सतरंज्या, टॉवेल. इथल्या बंद्यांच्या गणपतीच्या मूर्ती हल्ली भाद्रपदात लोक मुद्दाम येऊन घेतात. आईनं एक सतरंजी उलटी करून पाहिली. मागची बाजूही पुढच्याइतकीच साफ होती, एक धागा लोंबत नव्हता. "घाईत विणलेली नाही," ती म्हणाली आणि घेतली. ती सतरंजी आता माझ्या खोलीत आहे. निळ्या पट्ट्यांची, भरगच्च.

बाहेर मुलाखतीला आलेल्यांची गर्दी होती. एक बाई पायरीवर पिशवी मांडीत घट्ट धरून बसल्या होत्या. पिशवीत मुलाचे धुतलेले कपडे, प्रत्येक घडीत एक डांबराची गोळी. पहाटे गावाहून एस.टी.नं निघाल्या होत्या. मुलगा कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालायचाय. आता 'ई-मुलाकात'मुळे मोबाइलवर तोंड दिसतं, तुरुंगातून ठरलेल्या नंबरवर फोनही येतो ना, असं मी त्यांना विचारलं. "दिसतं की," त्या म्हणाल्या. "पण तब्येत कळत नाही. हाताला धरल्याशिवाय काय कळतं?" आणि काचेपलीकडच्या माणसाच्या हाताला धरता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

देशातल्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीला शंभरातले जवळपास शहात्तर जण असे कच्चे कैदी होते. महाराष्ट्रात त्या वेळी जागा पंचवीस हजारांच्या आत आणि माणसं एकेचाळीस हजारांच्या आसपास. आकडा वाचताना डोळ्यांखालून निघून जातो. माझ्यासाठी तो आता एक पायरी आहे आणि डांबराच्या गोळ्यांचा वास.

दिवस तिसरा : रस्त्यात

नाशिक ते पुणे एस.टी. संगमनेरला चहा, नारायणगावला उसाचा रस, बाकी झोप. आईच्या गुडघ्यांना हा प्रवास मानवला नाही. येरवड्याजवळच्या लॉजवर पोचल्यावर तिला शेक दिला आणि बाहेर पडलोच नाही.

दिवस चौथा : येरवडा

इथं आत जायचं होतं. येरवड्याच्या कारागृहातल्या ऐतिहासिक जागा लोकांना दाखवण्याचा उपक्रम सरकारनं २०२१च्या प्रजासत्ताक दिनाला सुरू केला. आम्ही रीतसर अर्ज केला होता. मोबाइल, पर्स, आईच्या गोळ्यांची डबी, सगळं बाहेर ठेवलं. मग तो प्रचंड दरवाजा आला आणि त्याच्या पोटातला लहानसा दिंडी दरवाजा. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आई सवयीनं वाकली. माझं डोकं आपटलं.

येरवड्याचा तुरुंग १८७१चा. दगडी, उंच, आणि इतका मोठा की आत शिरल्यावर पुण्याचा आवाज पूर्ण मागे राहतो. अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आत, माणसं गेली कित्येक वर्षं तिच्या दुपटीहून जास्त. आमच्याबरोबरचा शिपाई पंचविशीतला, नम्र मुलगा. सुभेदाराची बायको म्हटल्यावर त्यानं आईला "चला आई" म्हणून हात दिला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

गांधी यार्डात आंब्याचं झाड दाखवून तो म्हणाला, "इथंच करार झाला." पुणे करार, २४ सप्टेंबर १९३२. दलितांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींचं प्राणांतिक उपोषण चालू होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर सगळ्या देशाचा दबाव होता, की गांधींचा जीव आता तुमच्या हातात आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या एकाहत्तर जागा सोडून संयुक्त मतदारसंघांत एकशे अठ्ठेचाळीस राखीव जागांवर तडजोड झाली. दोन दिवसांनी रवींद्रनाथांच्या साक्षीनं उपोषण सुटलं. करार काय झाला हे शाळेत शिकवतात. तो एका तुरुंगाच्या अंगणात, कैद्याच्या खाटेशेजारी झाला, याचं वजन त्या झाडाखाली उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं. एका बाजूचा माणूस उपाशी, दुसऱ्या बाजूच्या माणसाला 'नाही' म्हणायची मुभाच ठेवलेली नाही. मला तिथं बाबासाहेबांच्या एकटेपणाचं फार वाईट वाटलं.

आणि त्याच झाडाखाली दुसरंही आठवलं. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की जातीवरून कैद्यांना कामं वाटून देणाऱ्या तुरुंग नियमावल्यांतल्या तरतुदी घटनाबाह्य आहेत. झाडू कुणी मारायचा आणि भाकरी कुणी भाजायची हे अनेक राज्यांच्या नियमावल्यांत जातीनं ठरत होतं, आणि ते पुसायला २०२४ उजाडावं लागलं. पुणे करारानंतर ब्याण्णव वर्षं. मी हे त्या मुलाला बोलून दाखवलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, निकाल आमच्यापर्यंतही आलाय. वाचलाय आम्ही." मला बरं वाटलं.

गांधीजी इथं पहिल्यांदा आले १९२२मध्ये, राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा घेऊन. जानेवारी १९२४मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना ससूनला हलवलं आणि पुढच्याच महिन्यात सोडून दिलं. पेटीत घडी होऊन बसणारा चरखा त्यांनी याच तुरुंगात सुधारत नेला, म्हणून त्याचं नावच येरवडा चरखा. टिळक यार्डही पाहिलं. १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यातल्या शिक्षेत लोकमान्य इथं होते आणि त्याच काळात दामोदर चापेकरही. १८ एप्रिल १८९८ला दामोदरपंतांना फाशी झाली तेव्हा त्यांच्या हातात टिळकांनी दिलेली गीता होती असं सांगतात. पुढच्या वर्षी मे महिन्यात पाच दिवसांच्या आत वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर. एका आईचे तीन मुलगे.

हे ऐकताना आई खाली बघत होती. बाहेर आल्यावर शिपायांच्या वसाहतीसमोरच्या बाकावर बसली आणि आपणहून बोलायला लागली. २७ नोव्हेंबर १९८३. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघांना त्या पहाटे येरवड्यात फाशी दिली. मी नऊ वर्षांची होते, मला फक्त इतकं आठवतं की त्या दिवशी वसाहतीत कुणी रेडिओ लावला नव्हता. आण्णांची ड्यूटी बाहेरच्या भिंतीवर होती, आत नव्हती. "तरी आल्या आल्या डोक्यावरून अंघोळ केली," आई म्हणाली. "पानावर बसले आणि उठले. पुण्यात लोक म्हणत होते बरं झालं. ज्यांची माणसं त्या चौघांनी मारली त्यांचं दुःख मला कळत होतं. पण ह्यांना मी काय म्हणणार? ते दोन दिवस बोललेच नाहीत." चाळीस वर्षांत तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला. बाकासमोरून शाळेतून आलेली वसाहतीतली पोरं दप्तरं उडवत गेली.

दिवस पाचवा : स्वतंत्रपूर

स्वारगेटहून पहाटेची गाडी. फलटण सोडलं की हिरवं कमी होत जातं, दहिवडी-म्हसवडला माणदेश सुरू होतो. बोडके माळ, मेंढरांचे कळप, मध्येच डाळिंबाच्या बागा. दिघंचीला एक आजोबा गाडीत चढले, आईशी बोलायला लागले आणि आटपाडीपर्यंत दोघांनी मिळून १९७२च्या दुष्काळाची सगळी उजळणी केली.

आटपाडी स्वातंत्र्याआधी औंध संस्थानात होतं. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकार, यांनी १९३९मध्ये आपला अधिकार सोडून प्रजेला स्वराज्य दिलं. त्या संस्थानात तेव्हा मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनियर होते, गांधीजींचे अनुयायी, भारतानंद म्हणून ओळखले जाणारे. त्यांनी राजाला सुचवलं की जन्मठेपेच्या कैद्यांना कोंडून न ठेवता शेतीवर ठेवून बघू. राजानं होकार दिला आणि त्याच १९३९मध्ये स्वतंत्रपूर उभं राहिलं. तुरुंगाचं नाव स्वतंत्रपूर! व्ही. शांताराम आणि माणदेशातलेच ग. दि. माडगूळकर यांनी १९५७मध्ये या प्रयोगावरूनच 'दो आँखें बारह हाथ' पडद्यावर आणला.

सरकारी तुरुंगांतही १९१९-२०च्या समितीनं कैद्याला सुधारणं हा तुरुंगाचा हेतू असल्याचं कागदावर लिहून ठेवलं होतं. पण भिंत काढून बघायचं धाडस बहात्तर खेड्यांच्या एका छोट्या संस्थानानं केलं. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारनं ही वसाहत मोडली नाही. पैठण, येरवडा अशी आणखी खुली कारागृहं झाली, येरवड्यात महिलांसाठीही झालं. स्वतंत्रपूरची क्षमता मात्र आजही अठ्ठावीसच. शिक्षेचा बराच काळ चांगल्या वर्तणुकीनं काढलेले बंदी इथं येतात, बायकामुलांसह राहतात, जमीन कसतात.

मी सातवी ते नववी आटपाडीत शिकले. वसाहतीतल्या एका गृहस्थांना आम्ही तात्या म्हणायचो. थंडीत आगटी पेटवून ते कणसं भाजायचे, तळहातावर चोळून गरम हुरडा आमच्या ओंजळीत घालायचे. आधी आमच्या, मग स्वतःच्या मुलीच्या. तात्या बंदी आहेत हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. कळलं तेव्हा मी आण्णांना विचारलं, त्यांनी काय केलं होतं? आण्णा म्हणाले, "ते कोर्टानं विचारलंय. तू हुरडा खा." खुनाच्या गुन्ह्यातला माणूस माझ्यासमोर होता आणि त्याच्या हातची राख अजून माझ्या फ्रॉकला होती. आज इतक्या वर्षांनी वाटतं, आण्णांनी मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. राज्यात एकेचाळीस हजार माणसं कोंडलेली असताना अशा अठ्ठावीस जागा मला फार थोड्या वाटतात, आणि ही तक्रार मी मनापासून करते.

पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. भिंत नाही, त्यामुळे आत कधी आलो ते कळलंच नाही. शेताच्या कडेला बैठी घरं, दारात तुळस, दोरीवर लहान मुलाचे कपडे. एका घरातून कांद्याच्या फोडणीचा वास येत होता. तात्यांच्या वेळचं कुणी असणं शक्य नव्हतं. ड्यूटीवरच्या हवालदारांनी आण्णांचं नाव विचारलं, जुन्या लोकांकडून ऐकलंय म्हणाले, खरंच ऐकलं असेल की आईचं मन राखायला म्हणाले ते सांगता येणार नाही. त्यांनी खुर्ची आणून दिली.

थोड्या वेळानं माणसं शेतातून येऊन मोकळ्यात उभी राहायला लागली. कुणाच्या खांद्यावर टॉवेल, एकाच्या कडेवर पोर. हवालदारांनी वही उघडली. आई खुर्चीतच ताठ झाली आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागली.

एक कमी भरला.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. पण हवालदार शांत होते, रांगेतली माणसंही आपापसांत बोलत होती. "विहिरीवर गेलाय, मोटर बंद करायला," कुणीतरी म्हणालं. सगळे थांबले. दोन-तीन मिनिटांनी डाळिंबाच्या ओळींमधून एक माणूस ओले हात पायजम्याला पुसत आला आणि रांगेच्या टोकाला उभा राहिला.

"लागली का?" आईनं विचारलं.

"लागली, आई," हवालदार म्हणाले आणि वही मिटली.